खानदेशातील महासाथींचा प्रसार

जळगाव, धुळे आणि नंदुरबार या जिल्ह्यांत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून आलेल्या मोठ्या साथी कोणत्या वाटांनी पसरल्या, तसेच त्यांच्या प्रसारावर व मृत्युसंख्येवर सामाजिक, आर्थिक आणि पर्यावरणीय परिस्थितीचा कोणता परिणाम झाला, याची माहिती या लेखात दिली आहे. एखादा रोग एका प्रदेशात अल्पकाळात अनेकांना होतो तेव्हा त्याला ‘साथ’ म्हणतात. तोच अनेक देशांत व खंडांत पसरला की ती ‘महासाथ’ ठरते. या अर्थाने खानदेशाने आधुनिक काळात तीन मोठ्या महासाथी अनुभवल्या : १८९६ नंतरचा प्लेग, १९१८ चा इन्फ्लुएंझा आणि २०२० पासूनचा कोविड-१९. १९९४ चा सुरतेतील प्लेग महासाथ नव्हता. परंतु सुरत आणि खानदेश यांचा संबंध इतका निकटचा आहे की त्याचा विचार येथे करणे आवश्यक ठरते.

या तिन्ही महासाथींचे जंतू किंवा विषाणू बाहेरून आले. ते ज्या वाटांनी आले त्या वाटा मात्र कापूस, धान्य आणि मजूर यांच्या ये-जा करण्याच्या नेहमीच्याच वाटा होत्या. रोग झालेल्यांपैकी किती जण दगावणार हे त्या वर्षीचा पाऊस, धान्याचे भाव, घरांची रचना आणि दवाखान्याचे अंतर यांवर बऱ्याच अंशी अवलंबून राहिले. रोग पोहोचणे आणि रोगाने मरणे या दोन घटनांची कारणे निरनिराळी असतात, हे साथींचा अभ्यास करणाऱ्याने आरंभीच लक्षात घ्यावे.

भौगोलिक व आर्थिक पार्श्वभूमी

खानदेश म्हणजे मुख्यतः तापी नदीचे खोरे. उत्तरेस सातपुडा, दक्षिणेस सातमाळा-अजिंठ्याचे डोंगर, मध्ये काळी कसदार जमीन आणि गिरणा, पांझरा, वाघूर या उपनद्या अशी त्याची रचना आहे. मैदानी भागात पाऊस बेताचा पडतो आणि उन्हाळा कडक असतो. ब्रिटिश काळात धुळे हे मुख्य ठाणे असलेला खानदेश हा एकच जिल्हा होता. १९०६ साली त्याचे पूर्व खानदेश (जळगाव) व पश्चिम खानदेश (धुळे) असे दोन भाग झाले. १९९८ साली धुळे जिल्ह्यातून नंदुरबार वेगळा झाला.

अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात (१८६१–६५) इंग्लंडमधील गिरण्यांना अमेरिकन कापूस मिळेनासा झाला आणि खानदेशच्या कापसाला मोठी मागणी आली. त्याच सुमारास मुंबईहून निघालेला लोहमार्ग चाळीसगाव, जळगाव व भुसावळ येथे पोहोचला. भुसावळहून एक फाटा खांडव्याकडे आणि दुसरा नागपूरकडे जात असल्याने ते देशातील महत्त्वाचे जंक्शन बनले. १९०० च्या सुमारास सुरतेहून तापी खोऱ्यातून येणारा मार्ग व चाळीसगाव–धुळे फाटा हेही तयार झाले. गावोगावी सरकी काढण्याचे व गाठी बांधण्याचे कारखाने, म्हणजे जिन आणि प्रेस, उभे राहिले. जळगावात आणि नंतर अमळनेरात कापडगिरण्या निघाल्या. पुढे मुंबई–आग्रा आणि सुरत–नागपूर हे दोन महामार्ग धुळ्यात एकमेकांना छेदू लागले. दळणवळणाच्या या सोयींमुळे खानदेशची भरभराट झाली, आणि साथींचा प्रवासही याच सोयींनी वेगवान केला.

प्लेग

चीनमधून हाँगकाँगमार्गे आलेला प्लेग १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात उघडकीस आला. मांडवी हा धान्याच्या गोदामांचा भाग होता, ही गोष्ट योगायोगाची नव्हे. प्लेग मुळात उंदरांचा रोग आहे. उंदीर मेला की त्याच्या अंगावरील पिसवा नवा आश्रय शोधतात आणि माणसाला चावतात. उंदीर-पिसू-माणूस ही साखळी पॉल-लुई सिमों या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८९८ साली मांडली. तिला सर्वमान्यता मिळायला मात्र आणखी काही वर्षे लागली. त्यामुळे आरंभीच्या काळातील सरकारी उपाय माणसांवरच केंद्रित होते : रेल्वे स्थानकांवर प्रवाशांची तपासणी, घरांची झडती, रुग्णांना सक्तीने हलवणे आणि आप्तांना वेगळ्या छावणीत ठेवणे. धान्याची पोती व कापसाच्या गाठी यांतून पिसवा आणि उंदीर मुक्तपणे प्रवास करत राहिले.

मुंबई रिकामी होऊ लागली तसे गिरण्यांतील आणि गोदीतील मजूर आपापल्या गावी परतले. या परतीच्या लोंढ्यासोबत आणि मालासोबत पुढील काही वर्षांत प्लेग लोहमार्गांलगतच्या गावांतून आत शिरला. खानदेशातील जुनी घरे त्याला अनुकूल होती. पांढऱ्या मातीच्या जाड भिंती, वर मातीचे धाबे, घरातच कणगी आणि कोठी, अंगणात किंवा ओट्याखाली धान्याचे पेव, शेजारी गुरांचा गोठा. अशा घरात उंदरांना अन्न व बिळे दोन्ही मिळत. घरे भिंतीला भिंत लावून बांधलेली असल्याने एका घरातील उंदीर दुसऱ्या घरात सहज जात. धाब्याचे घर उन्हाळ्यात थंड राहते, हा त्याचा मोठा गुण. पण तोच थंडावा पिसवांनाही मानवतो.

प्लेगच्या ऋतुचक्राकडे विशेष लक्ष द्यायला हवे. कडक व कोरड्या उन्हात पिसू फार काळ जगत नाही. शिवाय तापमान बरेच वाढले की पिसवेच्या पोटात प्लेगच्या जंतूंचा जो गोळा साचतो, तो टिकत नाही आणि तिच्याकडून संसर्ग होण्याची शक्यता घटते. म्हणूनच एप्रिल-मे महिन्यांत साथ ओसरे आणि पावसाळा सरता सरता पुन्हा डोके वर काढी. खानदेशात कापसाची वेचणी आणि ज्वारी-बाजरीचा हंगाम याच सुमारास येतो. गाड्या भरभरून माल बाजारपेठेत जाण्याचे दिवस आणि साथ भडकण्याचे दिवस असे एकत्र आल्यामुळे व्यापार थांबवल्यावाचून प्रसार थांबवणे अवघड होते, आणि व्यापार थांबवणे कोणालाच परवडणारे नव्हते.

लोकांनी अनुभवाने शोधलेला उपाय म्हणजे गाव सोडणे. घरात उंदीर मरून पडू लागले की लोक शेतात, मळ्यात झोपड्या घालून राहत आणि साथ ओसरल्यावर परत येत. शास्त्रीय कारण ठाऊक नसतानाही हा उपाय योग्य होता, कारण रोगाचे मूळ असलेले उंदीर गावातच राहत. मात्र सर्वांना तो सारखाच सोपा नव्हता. ज्याची स्वतःची शेती, बैलगाडी व धान्याचा साठा होता त्याला दोन-तीन महिने मळ्यात काढता येत. ज्याचे पोट जिनातील किंवा बाजारातील रोजच्या मजुरीवर होते त्याला साथीच्या ऐन भरातही त्याच गोदामांत जावे लागे.

या साथीवर लगेचच मोठे संकट येऊन आदळले. १८९९–१९०० चा दुष्काळ (संवत १९५६ मुळे गुजरात-राजस्थानाकडे तो ‘छप्पनिया’ म्हणून ओळखला जातो) खानदेशातही तीव्र होता. उपासमार, दुष्काळी कामांवरील गर्दी आणि दूषित पाणी यांमुळे पटकीही पसरली. ‘प्लेगने मेलेले’ आणि ‘दुष्काळाने मेलेले’ असा भेद कागदावर करता येतो. प्रत्यक्षात एकाच घरावर ही संकटे लागोपाठ येत होती. जळगावजवळच्या आसोद्यात जन्मलेल्या कवयित्री बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) यांचे पुत्र ओंकार यांना प्लेगमुळे कायमचे अपंगत्व आले होते. साथीत वाचलेल्यांच्या आयुष्यावर झालेला असा परिणाम मृत्यूंच्या आकड्यांत कोठेच दिसत नाही.

मानमोडी : १९१८ चा इन्फ्लुएंझा

पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस जगभर पसरलेल्या इन्फ्लुएंझाला मराठीत ‘मानमोडी’ असे नाव पडले. मुंबईत तो जून १९१८ मध्ये आला. पहिली लाट सौम्य होती. सप्टेंबरात आलेली दुसरी लाट भीषण ठरली. ६ ऑक्टोबर १९१८ या एकाच दिवशी मुंबई शहरात ७६८ मृत्यू नोंदले गेले. मुंबईतून लोहमार्गाने ती आत सरकली. प्लेगला उंदीर व पिसू यांची मध्यस्थी लागते. फ्लूला श्वास पुरतो. त्यामुळे प्लेगला जे अंतर कापायला वर्षे लागली ते फ्लूने काही आठवड्यांत कापले.

भारतातील एकूण मृत्यूंचे अंदाज साधारण सव्वा कोटी ते दोन कोटींपर्यंत जातात. जगात एवढे बळी अन्य कोणत्याही देशात गेल्याची नोंद नाही. १९११ मध्ये आजच्या भारताच्या क्षेत्राची लोकसंख्या २५.२१ कोटी होती, ती १९२१ च्या जनगणनेत २५.१३ कोटी भरली. भारताच्या जनगणनेच्या इतिहासात लोकसंख्या घटल्याचे हे एकमेव दशक आहे. मुंबई इलाखा आणि मध्य प्रांत-वऱ्हाड हे सर्वाधिक फटका बसलेले भाग होते. खानदेश या दोहोंना जोडणाऱ्या लोहमार्गावर आहे.

भारतात मृत्यू इतके अधिक का झाले, याचे उत्तर विषाणूत कमी आणि त्या वर्षीच्या पावसात अधिक सापडते. १९१८ चा नैर्ऋत्य मोसमी पाऊस देशभरात सरासरीच्या सुमारे एक चतुर्थांशाने कमी पडला. खरीप बुडाला. युद्धामुळे धान्याचे, कापडाचे व रॉकेलचे भाव आधीच चढलेले होते. नगदी पिकाच्या प्रदेशात अशा वेळी एक विशेष अडचण येते. कापूस पिकवणारा शेतकरी आणि त्याच्याकडे राबणारा मजूर दोघेही धान्य विकत घेणारे असतात. कापूस हाती आला नाही तर पैसा नाही, आणि पैसा असला तरी ज्वारी महाग. विहिरी आटल्याने चाराही संपत आलेला. अशा अर्धपोटी अवस्थेतील माणसांना ऑक्टोबरात फ्लूने गाठले. पुष्कळांचा अंत फ्लूनंतर होणाऱ्या न्यूमोनियाने झाला.

या रोगाने लहान मुले व वृद्ध यांच्यापेक्षा वीस ते चाळीस या वयोगटातील माणसे अधिक नेली, आणि मुंबई इलाख्यात पुरुषांपेक्षा स्त्रियांचे मृत्यू अधिक झाले. यामागे आजाऱ्यांची शुश्रूषा स्त्रियांकडेच असणे आणि घरात सर्वांत शेवटी, उरलेसुरले खाण्याची रीत ही कारणे अभ्यासकांनी सुचवली आहेत. खानदेशात मोठ्या एकत्र कुटुंबाला ‘खटलं’ म्हणतात. अशा घरात एकाच वेळी दहाजण अंथरुणाला खिळले तर पाणी शेंदणे, दळण, चूल आणि शुश्रूषा ही सर्व कामे उरलेल्या एक-दोघींवर पडत. फ्लूवर तेव्हा औषध नव्हते. पेजपाणी, ऊब आणि विश्रांती एवढाच उपचार होता, आणि रुग्णाला तो देणारे हातच अंथरुणावर पडले की साध्या रुग्णाचीही शाश्वती राहत नसे. जातिनिहाय विषमताही तितकीच ठळक होती. मुंबई शहरात कनिष्ठ मानल्या गेलेल्या हिंदू जातींतील मृत्युप्रमाण हजारी सुमारे ६१, तर युरोपियनांतील हजारी सुमारे ८ होते. विषाणू एकच असताना पडलेला हा सातपटींहून अधिक फरक वस्ती, आहार व वैद्यकीय मदत यांतील अंतर दाखवतो.

सुरतेचा प्लेग आणि परतणारे खानदेशी

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात खानदेशच्या स्थलांतराची दिशा बदलली. मुंबईबरोबरच सुरत हे जवळचे रोजगाराचे शहर झाले. उधना, लिंबायत या सुरतेच्या भागांत यंत्रमाग व कापडप्रक्रियेच्या कामावर असलेल्या खानदेशी कुटुंबांची मोठी वस्ती आहे. सातपुड्यातील व साक्री-नवापूर भागातील आदिवासी कुटुंबे दक्षिण गुजरातेतील साखर कारखान्यांच्या ऊसतोडीसाठी दिवाळीनंतर जातात.

सप्टेंबर १९९४ मध्ये तापीचा पूर ओसरल्यानंतर सुरतेच्या झोपडपट्ट्यांत फुप्फुसाचा प्लेग झाल्याचे जाहीर झाले. त्याआधी ऑगस्टमध्ये बीड जिल्ह्यातील मामला गावी गाठीच्या प्लेगचे रुग्ण आढळले होते. काही दिवसांत लाखो लोकांनी सुरत सोडली. त्यांतील अनेकांनी नंदुरबार, अमळनेर व जळगावकडे येणारी गाडी धरली. रोगाची व्याप्ती पाहता येथे मोठी साथ उसळायला हवी होती. तशी ती उसळली नाही. फुप्फुसाचा प्लेग अत्यंत निकटच्या सहवासानेच पसरतो, आजारी माणूस लवकर खिळून पडतो आणि टेट्रासायक्लिनसारखी प्रतिजैविके तोवर सहज उपलब्ध झाली होती. १८९६ आणि १९९४ या दोन्ही वेळी लोक भीतीने पळाले. पण दुसऱ्या वेळी औषध पळणाऱ्यांच्या आधी पोहोचले. या घटनेनंतर सुरत महानगरपालिकेने स्वच्छतेची यंत्रणा आमूलाग्र बदलली. खानदेशातील नगरपालिकांनी त्यापासून फारसा बोध घेतल्याचे दिसत नाही.

कोविड-१९

जळगाव जिल्ह्यातील पहिला रुग्ण २८ मार्च २०२० रोजी आढळला. एप्रिलमध्ये अमळनेर आणि पाठोपाठ भुसावळ, जळगाव ही शहरे बाधित झाली. धुळ्यात एप्रिलमध्येच रुग्ण आढळले. धुळ्यापासून सुमारे ५० किलोमीटरवरील मालेगाव हे दाट वस्तीचे यंत्रमागाचे शहर त्या वेळी राज्यातील प्रमुख केंद्रांपैकी एक झाले होते.

मे-जून २०२० मध्ये जळगाव जिल्ह्यातील मृत्युदर दहा टक्क्यांवर गेला आणि देशभर त्याची चर्चा झाली. त्याच वेळी देशाचा दर तीन टक्क्यांच्या आसपास होता. हा आकडा समजून घेताना काळजी घ्यावी लागते. मृत्युदर म्हणजे निदान झालेल्या रुग्णांपैकी मृतांचे प्रमाण. समजा एका गावात खरोखर ४०० जणांना लागण झाली आणि १० जण मेले. तपासणी सर्वांची झाली तर दर अडीच टक्के येईल. फक्त १०० जणांची झाली तर तोच दहा टक्के दिसेल. जळगावात आरंभी प्रयोगशाळा नव्हती, नमुने धुळ्याच्या शासकीय महाविद्यालयाकडे पाठवावे लागत आणि अहवाल उशिरा येत. तथापि केवळ गणिताने हा आकडा निकालात काढता येत नाही. रुग्ण अखेरच्या अवस्थेत दाखल होत होते, आणि मधुमेह-रक्तदाब असलेल्या वयस्कांचे प्रमाण त्यांत मोठे होते.

उशिरा दाखल होण्यामागे भीती होती : गल्ली बंद होण्याची, शेजाऱ्यांनी टाळण्याची, अंत्यदर्शनही न मिळण्याची. जून २०२० मध्ये जळगावच्या शासकीय रुग्णालयातून बेपत्ता असल्याची नोंद झालेल्या ८२ वर्षांच्या एका महिला रुग्णाचा मृतदेह काही दिवसांनी रुग्णालयाच्याच स्वच्छतागृहात आढळला. अधिष्ठात्यांसह काही जणांवर निलंबनाची कारवाई झाली. अशा घटनेनंतर लोकांनी रुग्णालयाकडे पाठ फिरवली तर त्याला अज्ञान म्हणणे न्याय्य ठरत नाही. प्लेगच्या काळातही झडती व छावणी यांच्या धास्तीने रुग्ण लपवले जात. विशेष म्हणजे दोन्ही वेळी लागू असलेला कायदा एकच होता : १८९७ चा साथरोग अधिनियम.

टाळेबंदीत मजुरांची पायपीट खानदेशच्या दोन्ही मुख्य मार्गांनी झाली. मुंबई, ठाणे, नाशिककडून निघालेले उत्तर भारतीय मजूर मुंबई–आग्रा महामार्गाने धुळे, शिरपूर ओलांडून बिजासन घाटातील मध्य प्रदेशच्या सीमेवर अडकून पडले. ८ मे २०२० रोजी पहाटे करमाडजवळ (तेव्हाचा औरंगाबाद जिल्हा) लोहमार्गावर झोपी गेलेले १६ मजूर मालगाडीखाली सापडून मरण पावले. ते जालन्याहून भुसावळ गाठण्यासाठी पायी निघाले होते. त्यांचा मृत्यू विषाणूने झाला नाही. परंतु महासाथीच्या परिणामांचा हिशेब मांडताना असे मृत्यू वगळता येत नाहीत.

‘उन्हाळा कडक झाला की विषाणू मरेल’ ही समजूत तेव्हा सर्वत्र होती आणि ४५ अंशांचा पारा अंगवळणी पडलेल्या भुसावळ-जळगावकरांना ती विशेष पटत होती. घडले उलटे, रुग्ण वाढले ते मे महिन्यातच. प्लेगच्या बाबतीत खरे ठरणारे निरीक्षण येथे लागू पडले नाही, कारण कोविडचा विषाणू माणसाच्या श्वासातून माणसाकडे जातो आणि कडक ऊन माणसांना घरात, कूलर लावलेल्या बंद खोलीत एकत्र आणते. ज्या उन्हाने पिसू मारली त्याच उन्हाने माणसे एकत्र कोंडली. पाण्याची टंचाई हीही अडचण होतीच. शहरांत नळाला पाणी काही दिवसांच्या अंतराने येते, ते भरण्यासाठी एकच झुंबड उडते, आणि वारंवार हात धुण्याचा सल्ला टँकरवर अवलंबून असलेल्या वस्तीला पाळता येत नाही.

सामाजिक रीतींचाही वाटा होता. २०२० ची आखाजी (अक्षय्य तृतीया) टाळेबंदीत गेली आणि माहेरवाशिणी माहेरी आल्या नाहीत. लग्ने आटोपशीर झाली. मात्र दुःखाच्या घरी ‘दारावर’ जाणे लोकांना टाळता आले नाही. सुखाचे आमंत्रण नाकारता येते, दारावर न जाणे मात्र नात्याला कायमचे लागते. साथीच्या प्रसारातील हा घटक आदेश काढून सुटणारा नव्हता.

दुसऱ्या लाटेत, मार्च २०२१ मध्ये, जळगाव शहरात तीन दिवसांचा जनता कर्फ्यू लावावा लागला. एप्रिलमध्ये देशभर ऑक्सिजनचा तुटवडा असताना मानव विकास निर्देशांकात राज्यात तळाशी असलेल्या नंदुरबार जिल्ह्याची स्थिती तुलनेने बरी राहिली. तत्कालीन जिल्हाधिकारी डॉ. राजेंद्र भारूड यांच्या पुढाकाराने पहिली लाट ओसरत असतानाच तेथे हवेतून ऑक्सिजन वेगळा करणारे प्रकल्प उभारण्यास सुरुवात झाली होती. नर्मदाकाठच्या पाड्यांपर्यंत रस्ता नसल्याने चिमलखेडी येथील एका अंगणवाडी सेविकेने स्वतः होडी वल्हवत बालकांना व गरोदर मातांना पोषण आहार पोहोचवला. विरळ वस्तीमुळे या पाड्यांत रोग उशिरा पोहोचला. त्याच विरळपणामुळे दवाखानाही दूर राहिला.

नोंदींची विश्वसनीयता

खानदेशातील साथबळींचे नेमके आकडे कोणत्याही काळासाठी खात्रीने देता येत नाहीत. १९१८ मध्ये मृत्यूची नोंद गावपातळीवर पोलीसपाटील ठेवत आणि बहुतेक मृत्यू ‘ताप’ या एकाच सदरात जात. पाटीलच आजारी पडला तर वही कोरी राही. म्हणून त्या साथीचे बळी मोजताना नेहमीच्या वर्षापेक्षा किती मृत्यू अधिक झाले हे पाहावे लागते. शंभर वर्षांनंतरही हीच पद्धत वापरावी लागली. २०२०–२१ या दोन वर्षांसाठी भारताचा अधिकृत आकडा सुमारे ४ लाख ८१ हजार आहे, तर जागतिक आरोग्य संघटनेने अतिरिक्त मृत्यूंचा अंदाज सुमारे ४७ लाख असा केला. भारत सरकारने या अंदाजाच्या पद्धतीवर आक्षेप घेतला आहे.